जंगल उभे आहे, पण त्यातील कामे थांबली आहेत : आक्रमक परकीय प्रजाती आणि तुटलेली नाती

पानगळ

आक्रमक परकीय प्रजातींचा विषय निघाला की बहुधा नामशेष झालेल्या प्राण्यांची यादीच समोर येते. ती यादी खरी आहे आणि मोठीही आहे. ‘आयपीबीईएस’ या जैवविविधतेविषयीच्या आंतरशासकीय मंचाने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार माणसाच्या व्यवहारांमुळे ३७,००० हून अधिक प्रजाती आपल्या मूळ प्रदेशाबाहेर जाऊन स्थिरावल्या आहेत आणि त्यांपैकी ३,५०० हून अधिक प्रजाती तेथील जीवसृष्टीला घातक ठरल्या आहेत. जगातून कायमच्या नाहीशा झालेल्या ज्या प्राणी-वनस्पतींची नोंद आहे, त्यांपैकी ६० टक्के प्रजातींच्या ऱ्हासात या आगंतुकांचा हात होता, आणि १६ टक्के प्रजातींच्या बाबतीत तर तेच एकमेव कारण होते.

तरीही केवळ या यादीवरून हानीचा खरा अंदाज येत नाही असे मला वाटते. एखादी प्रजाती जाते तेव्हा ती करत असलेले कामही थांबते, आणि ते काम थांबल्याचे लक्षात यायला कधीकधी अनेक दशके लागतात. या धाग्यात मला त्या थांबलेल्या कामांविषयी लिहायचे आहे.

प्रशांत महासागरातील ग्वाम बेटाचे उदाहरण घेतो. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात, बहुधा लष्करी मालवाहतुकीतून, तेथे तपकिरी वृक्षसर्प पोहोचला. हा साप रात्री झाडावर चढून पक्ष्यांची अंडी, पिल्ले आणि झोपलेले पक्षीही खातो. ग्वामच्या पक्ष्यांच्या संपूर्ण इतिहासात अशी शिकार करणारा साप कधी नव्हता, त्यामुळे घरटे कोठे बांधावे आणि धोका कसा ओळखावा याची कोणतीही वागणूक त्यांच्यात घडलेली नव्हती. सुरुवातीला पक्षी का कमी होत आहेत हेच कळेना. कीटकनाशके आणि रोग यांच्यावर संशय घेतला गेला. साप हेच कारण असल्याचे १९८० च्या दशकातील संशोधनाने दाखवून दिले, परंतु तोवर फार उशीर झाला होता. बेटावरील १२ देशी वनपक्ष्यांपैकी १० ग्वामच्या जंगलातून नाहीसे झाले.

ही गोष्ट पुष्कळांना माहीत असते आणि बहुतेकदा ती येथेच संपवली जाते. खरे तर पुढचा भाग अधिक अस्वस्थ करणारा आहे. पक्षी गेल्यावर कोळ्यांना खाणारे कोणी उरले नाही. शेजारच्या, साप नसलेल्या बेटांशी तुलना केली तेव्हा पावसाळ्यात ग्वामच्या जंगलात कोळ्यांची संख्या त्या बेटांच्या ४० पटींपर्यंत आढळली. जंगलातील बहुसंख्य झाडांची फळे पक्षी खात आणि बिया दूरवर टाकत. आता ती फळे पिकून झाडाखालीच पडतात. आईच्याच सावलीत पडलेल्या बीला प्रकाश कमी मिळतो, शिवाय त्याच जातीच्या झाडावर वाढणारी बुरशी आणि कीड तेथे आधीच टपलेली असते. दोन वृक्षप्रजातींच्या अभ्यासात नव्या रोपांचे प्रमाण ६१ ते ९२ टक्क्यांनी घटल्याचा अंदाज निघाला. सापाने एकाही झाडाला इजा केलेली नाही, तरीही त्याच्या येण्याने जंगलाची पुढची पिढी विरळ होत चालली आहे. वरून पाहिले तर जंगल हिरवे आहे. मोठी झाडे अजून जिवंत आहेत, म्हणून ते हिरवे आहे.

आपल्या वाचनात किंवा अभ्यासात अशी एकातून दुसरी निघालेली साखळी आली असेल, तर ती कृपया सविस्तर लिहावी.

सागरगोटा

लेख आवडला, पण एक मूलभूत शंका मांडतो. प्रजातींनी एका जागेवरून दुसऱ्या जागी जाणे हा निसर्गाचाच व्यवहार आहे. वाऱ्याबरोबर बीजाणू जातात, तरंगत्या ओंडक्यांवरून सरडे जातात, आणि महासागरातील बेटांवर आज जे ‘देशी’ म्हणून ओळखले जातात त्यांचे पूर्वजही कधीतरी बाहेरूनच आले होते. मग देशी आणि परके ही विभागणी आपण नेमक्या कोणत्या क्षणी करतो? केवळ उगमावरून एखाद्या जिवाला दोषी ठरवणे हे शास्त्र झाले की आपल्या मनातील सीमांची निसर्गावर पडलेली छाया? काही परिसंस्थाशास्त्रज्ञांनीही हा आक्षेप गांभीर्याने घेतला आहे, म्हणून विचारतो.

पानगळ

सागरगोटा, आपला आक्षेप मला मान्य आहे, आणि म्हणूनच ‘परकीय’ आणि ‘आक्रमक’ हे दोन शब्द वेगळे ठेवायला हवेत. वरच्याच आकड्यांवरून दिसते की स्थिरावलेल्या परकीय प्रजातींपैकी दहापैकी एकच घातक ठरली आहे. उगम हा गुन्हा नाही.

प्रश्न वेगाचा आणि सहवासाचा आहे. हवाई बेटांवर नैसर्गिक मार्गाने नवी प्रजाती येऊन टिकणे ही हजारो वर्षांतून एखाद्या वेळी घडणारी गोष्ट होती. आलेल्या जिवाला आणि तेथे आधीपासून असलेल्यांना एकमेकांशी जुळवून घ्यायला अवधी मिळत असे. माणसाच्या जहाजांनी हा अवधीच काढून घेतला. हवाईत १८२६ मध्ये एका जहाजातील पाण्याच्या पिंपांतून डास आला असे मानले जाते. त्याआधी तेथे चावणारा डास नव्हता. पुढे बाहेरून आणलेल्या पक्ष्यांबरोबर पक्ष्यांचा हिवताप आला, आणि तो पसरवायला डास तयारच होते. हवाईच्या रंगीत मधुपक्ष्यांना या रोगाचा अनुभव नव्हता. आज त्यांच्यापैकी बहुतेक जाती डासांना न मानवणाऱ्या थंड, उंच डोंगरमाथ्यांवरच तग धरून आहेत. तापमान वाढते आहे तसतसे डास वर सरकत आहेत आणि पक्ष्यांना डोंगराच्या वर जायला जागा नाही. त्यातच रानटी झालेली डुकरे वृक्षनेच्यांची खोडे पोखरून त्यांतील गर खातात, त्या पोकळ खोडांत पावसाचे पाणी साठते आणि डासांना नवी पैदासस्थाने मिळतात. डास, रोग आणि डुकरे हे तिन्ही माणसाने वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या हेतूंनी किंवा अजाणतेपणी आणले. पक्ष्यांच्या वाट्याला मात्र ते एकत्र आले.

म्हणून मी विचारतो तो प्रश्न ‘हा जीव कोठून आला’ असा नसून ‘याच्या येण्याने कोणती नाती तुटली आणि ती जुळायला वेळ मिळणार आहे का’ असा आहे.

काजवा

बेटांच्या संदर्भात एक दुरुस्ती आधीच नोंदवून ठेवतो, कारण ही कथा अशा चर्चेत हमखास येते. न्यूझीलंडजवळच्या स्टीफन्स बेटावरील, उडू न शकणारा इवलासा रेन पक्षी दीपगृहाच्या रखवालदाराच्या एकाच मांजरीने संपवला असे सांगितले जाते. दीपगृह १८९४ मध्ये सुरू झाले आणि अल्पावधीतच पक्षी दिसेनासा झाला हे खरे आहे. परंतु नंतरच्या अभ्यासकांनी जुनी कागदपत्रे तपासून दाखवले की बेटावर मांजरे रानटी होऊन त्यांची संख्या वाढली होती. एका मांजरीची कथा सांगितली की दोष एका प्राण्याचा आणि एका माणसाचा वाटतो. प्रत्यक्षात, हा पक्षी एकेकाळी न्यूझीलंडच्या मुख्य भूमीवरही होता आणि मानवाबरोबर आलेल्या उंदरांमुळे तेथून आधीच गेला होता. ते बेट त्याचे शेवटचे आश्रयस्थान होते.

उपनदी

जमिनीवरील बदल निदान डोळ्यांना दिसतो, पाण्याखालचा बदल दिसत नाही, म्हणून मी गोड्या पाण्याविषयी लिहिते.

आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवरात ५०० हून अधिक जातींचे छोटे सिक्लिड मासे होते आणि त्यांपैकी बहुतेक जगात इतरत्र कोठेही नव्हते. कोणी शेवाळ खरवडून खाई, कोणी गोगलगायी फोडून खाई, कोणी तळाच्या गाळातील कुजलेल्या सेंद्रिय कणांवर जगे, तर कोणी दुसऱ्या माशांची पिल्ले पळवी. एकाच सरोवरात इतकी बारीक श्रमविभागणी झाली होती. १९५० च्या दशकात मासेमारी वाढवण्याच्या हेतूने तेथे नाईल पर्च हा मोठा शिकारी मासा सोडला गेला. तो दोन मीटरपर्यंत वाढू शकतो. सुमारे तीस वर्षे फारसे काही घडले नाही, आणि १९८० च्या दशकात त्याची संख्या एकाएकी उसळली. सुमारे २०० सिक्लिड जाती नाहीशा झाल्या असाव्यात असे अभ्यासक मानतात.

ही सारी हानी एकट्या पर्चच्या माथी मारणे मात्र योग्य नाही. त्याच काळात किनाऱ्यावरील जंगलतोड आणि वस्ती यांमुळे सरोवरात पोषकद्रव्ये वाहून येत होती, शेवाळ माजत होते आणि पाणी गढूळ होत होते. सिक्लिडची मादी नराच्या रंगावरून आपल्या जातीचा जोडीदार ओळखते. गढूळ पाण्यात रंगच दिसेनासे झाल्यावर वेगवेगळ्या जातींमधील सीमा पुसट होऊन संकर होऊ लागला. म्हणजे काही जाती पर्चने खाल्ल्या आणि काही एकमेकींत विरघळून गेल्या. शेवाळ आणि कुजके कण खाणारे मासे कमी झाल्यामुळे पाणी स्वच्छ ठेवणारा एक हातही कमी झाला. त्यानंतर जलपर्णी आली आणि १९९० च्या दशकात तिने सरोवराचे किनारे व्यापले. तिच्या दाट थराखाली प्रकाश पोहोचत नाही आणि प्राणवायू घटतो. गढूळ, पोषकद्रव्यांनी भरलेले पाणी हेच तिला हवे असते.

पानगळ यांनी म्हटलेल्या ‘अवधी’ला मी एक जोड देते. आगंतुकाच्या येण्यात आणि त्याच्या उसळीत जो शांत काळ जातो, तोच सर्वांत फसवा असतो. त्या तीस वर्षांत कोणी पाहणी केली असती तर ‘परिणाम नगण्य’ असाच निष्कर्ष निघाला असता.

दुर्वांकुर

उपनदी, आपण एकावर एक येणाऱ्या संकटांचे जे वर्णन केले आहे, त्याचे मला माहीत असलेले सर्वांत स्पष्ट उदाहरण हिंदी महासागरातील ख्रिसमस बेटाचे आहे.

या बेटावर कोट्यवधी तांबडे भूखेकडे राहतात. ते जंगलात पडलेली पाने, फळे, बिया आणि कोवळी रोपे खातात, त्यामुळे तेथील जंगलाची जमीन जवळजवळ झाडून काढल्यासारखी मोकळी असते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथे ‘पिवळी वेडी मुंगी’ पोहोचली आणि काही दशके ती विरळच राहिली. १९८९ मध्ये तिच्या महावसाहती आढळू लागल्या, म्हणजे शत्रुत्व नसलेल्या अनेक राण्यांच्या एकमेकींना जोडलेल्या वसाहती. या मुंग्या फॉर्मिक आम्ल फवारतात आणि त्याने खेकडे आंधळे होऊन मरतात. एक ते दीड कोटी खेकडे अशा प्रकारे मेल्याचा अंदाज आहे.

मुंग्यांना इतकी ऊर्जा कोठून मिळाली, हा यातील खरा कळीचा प्रश्न आहे. झाडांचा रस शोषणारे खवले कीटक गोड स्राव सोडतात आणि तेही बाहेरूनच आलेले होते. मुंग्या त्यांचे रक्षण करतात आणि त्या गोड रसावर वाढतात. मुंग्यांच्या राखणीमुळे कीटक वाढले, कीटकांमुळे मुंग्या वाढल्या, आणि कीटकांच्या स्रावावर काळी बुरशी चढून मोठी झाडे खंगू लागली. खेकडे मेले तेथे पाचोळा साचला आणि रोपांची दाटी झाली. आफ्रिकेतून आलेली मोठी गोगलगाय एरवी खेकड्यांमुळे जंगलात शिरू शकत नव्हती, ती आता रिकाम्या झालेल्या भागात पसरली. खेकडे हे जणू त्या जंगलाचे दार राखणारे होते आणि दार उघडे पडल्यावर इतर आत आले. अशा घटनांसाठी अभ्यासकांनी १९९९ मध्ये एक संज्ञा वापरली, तिला मराठीत ‘आक्रमणांची कोसळण’ म्हणता येईल. परके जीव एकमेकांना मदत करू लागले की नुकसानीची बेरीज होत नाही, गुणाकार होतो.

उपायही त्या जोडीवरच शोधला गेला. २०१६ मध्ये तेथे अतिशय लहान अशी परजीवी गांधीलमाशी सोडण्यात आली. ती मुंग्यांना हात लावत नाही, खवले कीटकांत अंडी घालते आणि मुंग्यांची रसदच तोडते.

सागरगोटा

माझ्या शंकेचे उत्तर बऱ्याच अंशी मिळाले, आभार. पण दुर्वांकुर यांचा शेवटचा परिच्छेद वाचून दुसरी शंका उभी राहिली. एका परक्याला आवरण्यासाठी दुसरा परका आणायचा, यात धोका नाही का? गोगलगायींच्या बाबतीत असे काही घडल्याचे वाचल्याचे स्मरते.

दुर्वांकुर

धोका आहे, आणि आपल्याला आठवते ते प्रकरण बहुधा फ्रेंच पॉलिनेशियातील असावे. तेथे मोठ्या आफ्रिकी गोगलगायीचा बंदोबस्त करण्यासाठी १९७० च्या दशकात एक शिकारी गोगलगाय आणली गेली. तिने मोठ्या गोगलगायीऐवजी तेथील पार्टुला या छोट्या वृक्षगोगलगायींवर ताव मारला. एकेका दरीत वेगळी जात अशी उत्क्रांती झालेल्या या गोगलगायींच्या डझनावारी जाती संपल्या. काही जाती केवळ प्राणिसंग्रहालयांत वाचल्या आणि अलीकडे त्यांना पुन्हा बेटांवर सोडले जात आहे.

त्या काळची निवड आणि आजची निवड यांत मोठा फरक आहे. ती शिकारी गोगलगाय समोर येईल ती गोगलगाय खाणारी होती. ख्रिसमस बेटावर सोडलेली गांधीलमाशी कोणत्या कीटकांवर वाढते याची आधी चाचणी घेतली गेली. तरीही चाचणी एका प्रदेशापुरतीच खरी असते. ऑस्ट्रेलियात परकीय निवडुंगाने लाखो हेक्टर जमीन व्यापली होती, तेव्हा दक्षिण अमेरिकेतील एका पतंगाच्या अळ्यांनी १९२६ नंतर काही वर्षांतच तो आटोक्यात आणला. ऑस्ट्रेलियात देशी निवडुंग मुळीच नसल्यामुळे त्या अळ्यांना दुसरे खाद्य नव्हते, आणि तो प्रयोग आजही यशाचा नमुना मानला जातो. हाच पतंग १९५७ मध्ये कॅरिबियन बेटांवर सोडला गेला. तेथून तो १९८९ पर्यंत फ्लोरिडात पोहोचला, आणि उत्तर अमेरिका तर देशी निवडुंगांचे घर आहे. जो जीव एका खंडात तारक ठरला, तोच दुसऱ्या खंडात घातक ठरला. आपण पहिल्या प्रतिसादात उगमाविषयी जे म्हणाला होता, त्याचा हा उत्तम दाखला आहे.

काजवा

काढून टाकण्याचा क्रमही तितकाच महत्त्वाचा असतो. ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका यांच्या दरम्यानच्या मॅक्वारी बेटावर मांजरे समुद्रपक्ष्यांची पिल्ले खात होती, म्हणून मोठ्या प्रयत्नाने ती २००० पर्यंत पूर्णपणे हटवण्यात आली. ती मांजरे सशांनाही खात होती. त्यानंतर ससे झपाट्याने वाढले आणि त्यांनी डोंगरउतारांवरील गवत व मोठ्या पानांच्या वनस्पती इतक्या कुरतडल्या की उतार उघडे पडले. २००६ मध्ये अशाच एका उतारावरून दरड कोसळून पेंग्विनच्या वसाहतीचे नुकसान झाले. सशांच्या वाढीला, त्यांना आवरण्यासाठी सोडलेल्या रोगजंतूंचा प्रभाव ओसरणे आणि हवामान हीही कारणे होती, त्यामुळे मांजरे काढल्याचा वाटा किती याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पुढे ससे, घुशी आणि उंदीर या तिघांना एकाच मोहिमेत हटवण्यात आले आणि २०१४ मध्ये बेट उपद्रवी प्राण्यांपासून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. वनस्पती आता पुन्हा उतारांवर चढत आहेत.

उपनदी

काढून टाकण्याआधी आणखी एक गोष्ट पाहावी लागते : आगंतुकाने एखाद्या देशी जिवाला आसरा दिला आहे का? अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील नद्यांकाठी टॅमारिस्क हे परके झुडूप माजले, म्हणून त्याची पाने खाणारे भुंगेरे २००१ पासून सोडले गेले. दरम्यानच्या काळात धरणांमुळे देशी विलोची झाडे घटली होती आणि विलोवर घरटी करणारा एक दुर्मीळ माशीमार पक्षी टॅमारिस्कवर घरटी करू लागला होता. ऐन विणीच्या हंगामात भुंगेऱ्यांनी पाने खाऊन घरटी उघडी पाडण्याचा धोका लक्षात आल्यावर २०१० मध्ये तेथील कृषी विभागाने भुंगेरे सोडणे थांबवले. आधी विलो परत आणायला हवे होते, असे माझे मत आहे. रिकाम्या जागेत आपोआप देशीच जीव परत येतील हे गृहीत धरणे चुकीचे आहे.

पानगळ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. देशी जीव स्वतःहून जुळवून घेत नाहीत का, असा प्रश्न मला निरोपातून विचारला गेला आहे, त्याचे उत्तर येथेच देतो.

घेतात, पण सारखे घेत नाहीत. ऑस्ट्रेलियात १९३५ मध्ये उसावरील भुंगेऱ्यांच्या बंदोबस्तासाठी विषारी केन टोड आणला गेला. त्याला खाऊन घोरपडी, गोड्या पाण्यातील मगरी आणि उत्तरेकडील क्वोल हा छोटा शिकारी प्राणी मोठ्या संख्येने मेले. काही भागांत पाणउंदीर मात्र टोडला उलटा करून विषग्रंथी टाळून खायला शिकले. क्वोलला पहिल्या मोठ्या टोडबरोबरच मरण येते, त्यामुळे शिकायची संधीच मिळत नाही. म्हणून संशोधकांनी त्यांना मळमळ आणणारे रसायन मिसळलेले टोडचे मांस खाऊ घातले आणि त्यातून काही क्वोल टोड टाळायला शिकले. दुसरीकडे, आक्रमणाच्या आघाडीवरील टोडचे पाय मागे राहिलेल्यांपेक्षा लांब असल्याचे आढळले आहे, कारण वेगाने जाणारेच पुढे पोहोचतात आणि त्यांचीच आपसांत वीण होते. जुळवून घेण्याची शर्यत दोन्ही बाजूंनी चालू आहे आणि ज्याची पिढी लवकर बदलते तो पुढे राहतो.

शेवटी पुन्हा ग्वामकडे येतो. तेथील निळ्या-दालचिनी रंगाचा ‘सिहेक’ खंड्या १९८० च्या दशकाच्या अखेरीस जंगलातून नाहीसा झाला. त्याआधी पकडून नेलेल्या २९ पक्ष्यांपासून त्याचा वंश प्राणिसंग्रहालयांत टिकवला गेला. २०२४ मध्ये त्यांच्या वंशजांपैकी नऊ पक्षी पाल्मायरा या दूरच्या प्रवाळबेटावर सोडण्यात आले. तेथे साप नाही, आणि घुशी २०११ मध्येच हटवण्यात आल्या होत्या. ग्वामचा न उडणारा ‘कोको’ हा पक्षीही शेजारच्या कोकोस या छोट्या बेटावर वसवला गेला होता आणि त्याच्या वाढत्या संख्येमुळे २०१९ मध्ये त्याला ‘वन्य अवस्थेत नामशेष’ या वर्गातून वर आणण्यात आले. पुढच्याच वर्षी कोकोस बेटावर तपकिरी वृक्षसर्प आढळला. तेथे सापळे लावून आणि रात्री विजेऱ्यांच्या प्रकाशात झाडे तपासून त्याचा शोध घेतला जाऊ लागला.